ससाण्यांच्या डोंगरावरची नोंदवही

अमेरिकेहून परत आल्यावर विहारात ज्याने त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "कोलंबिया पाहिले का?" होय, पाहिले. १९१३ साली परमपूज्य बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकायला गेले, त्या कोलंबिया विद्यापीठाच्या पायऱ्या आम्ही उभयतांनी पाहिल्या आणि तेथील लेहमन ग्रंथालयात असलेल्या बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासमोर हात जोडून उभे राहिलो. त्या दर्शनाबद्दल यापूर्वी अनेकांनी लिहिले आहे. आज आम्ही लिहिणार आहोत ते एका निराळ्याच जागेबद्दल. ही जागा आमच्या यादीत नव्हती. तेथे जाताना आम्ही थोडे नाखूशच होतो. पण पंधरा दिवसांच्या प्रवासात आमच्या मनात जर काही घर करून राहिले असेल तर ती ही जागा.

या जागेचे नाव हॉक माउंटन. ससाण्यांचा डोंगर म्हणा, शिकारी पक्ष्यांचा डोंगर म्हणा. पेनसिल्व्हेनिया राज्यात केम्प्टन नावाच्या खेड्याजवळ हे अभयारण्य आणि निसर्ग-शिक्षण केंद्र आहे. शिकारी पक्ष्यांच्या रक्षणासाठी जगात जे पहिले अभयारण्य निघाले ते हेच. साल १९३४.

आमची भाची अ‍ॅलनटाऊन या गावी नोकरीला आहे. विमानाचे तिकीट तिनेच पाठवले होते, हे सांगायला आम्हाला संकोच नाही. कारकुनाच्या पगारात असा प्रवास होत नसतो. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "मामा, आज राहुलच्या आवडीच्या ठिकाणी जाऊ. मामी, पायात बूट घाला, दगड फार आहेत." राहुल तिचा नऊ वर्षांचा मुलगा. आम्ही मनात म्हटले, घारी-गिधाडे पाहायला सात समुद्र ओलांडून कशाला यायचे? ती तर आमच्या गावाकडे, नाही तर शहरातल्या कचरा डेपोवर फुकट दिसतात. पण पोराचा हट्ट मोडवेना.

डोंगरावर

अ‍ॅलनटाऊनहून मोटारीने पाऊण तासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची शेते आणि लाल रंगाची गोदामे. मग घाट सुरू होतो. ही किटाटिनी नावाची डोंगररांग आहे. हे नाव तेथील मूळ रहिवासी लेनापी लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'न संपणारा डोंगर' असा सांगतात. मूळ रहिवासी त्या मुलखातून कधीच हुसकावले गेले, नाव मात्र डोंगराला चिकटून राहिले. आपल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही.

वर गेल्यावर प्रथम केंद्राची इमारत लागते. आत शिकारी पक्ष्यांच्या खऱ्या आकाराच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. कोणत्या पक्ष्याचे पंख कसे, शेपूट कशी, आकाशात उडताना तो खालून कसा ओळखावा, हे लहान मुलालाही कळेल असे समजावले आहे. शाळांच्या सहली येथे येतात. निरनिराळ्या देशांतून तरुण मुले-मुली येथे काही महिने राहून शिकून जातात आणि आपापल्या देशात हे काम सुरू करतात. शिकणे, मग शिकवणे, मग आपल्या लोकांत जाऊन काम उभे करणे, ही पद्धत आपल्या चळवळीला परकी नाही.

इमारतीपासून थोड्याच अंतरावर दक्षिणेकडचा सज्जा आहे. तेथे चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही जाऊ शकतो. समोर दरीत दगडांची एक नदीच पसरलेली दिसते. तिला नावही 'दगडांची नदी' असेच आहे. मुख्य ठिकाण मात्र उत्तरेकडचा सुळका. तेथे जायला सुमारे एक मैल पायवाट तुडवावी लागते. शेवटचा टप्पा निव्वळ खडकांचा. आमच्या पत्नी दोनदा बसल्या, पण हटल्या नाहीत.

वर पोचलो तेव्हा खडकांवर जागा मिळेल तिथे माणसे बसली होती. म्हातारी जोडपी, तान्ही मुले घेतलेल्या आया, शाळकरी पोरे, साऱ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. इतकी माणसे असून आवाज नाही. एका काठीवर प्लॅस्टिकचे घुबड बसवले होते. घुबड दिसले की ससाणे त्याच्यावर झडप घालायला जवळ येतात आणि माणसांना ते नीट पाहायला मिळतात, ही त्यामागची युक्ती. समोरच्या डोंगररांगेतल्या उंचवट्यांना एक ते पाच असे आकडे दिलेले आहेत. कोणी तरी हळूच म्हणतो, "तीन नंबरच्या वर एक." लगेच सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात.

पूर्वी येथे काय चालत असे

आज जेथे माणसे अशी मुकाट्याने बसतात, तेथे शंभर वर्षांपूर्वी बंदुकांचा कडकडाट चाले. पक्षी दर पानगळीला ह्याच वाटेने दक्षिणेकडे जातात हे शिकाऱ्यांना ठाऊक होते. शनिवार-रविवारी ते टोळ्यांनी येत आणि ह्याच खडकांवर बसून जवळून जाणारे पक्षी टिपत. खायला नव्हे, विकायला नव्हे, नेम साधण्याच्या मजेखातर. मेलेले पक्षी खाली कुजत पडत. जखमी पक्षी झाडीत तडफडत मरत.

याला सरकारचीही ना नव्हती. ससाणा म्हणजे कोंबड्या पळवणारा, शिकारीची पाखरे खाणारा, म्हणून उपद्रवी, अशी त्या काळची समजूत. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९२९ साली गॉसहॉक जातीचा एक ससाणा मारणाऱ्यास पाच डॉलर बक्षीस लावले. जागतिक मंदीच्या दिवसांत गरीब माणसाला पाच डॉलर थोडे नव्हते. गोळी झाडणाऱ्याला गॉसहॉक कोणता आणि दुसरा कोणता हे कुठले ओळखायला? दिसेल तो पाडायचा.

हे ऐकताना आमच्या मनात जे आले ते लिहितो. काही पक्षी चांगले, काही वाईट, ही वाटणी कोणी केली? माणसाने, आपल्या सोयीने. एकदा 'वाईट' असा शिक्का बसला की त्या जातीत जन्मलेले प्रत्येक पाखरू गुन्हेगार. त्याने कोंबडी पळवली की उंदीर मारून शेतकऱ्याचे धान्य वाचवले, हे कोणी विचारत नाही. जन्मावरून शिक्का मारण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून माणसांच्याच काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या नव्हत्या काय?

एक बाई, एक जोडपे आणि एक रस्ता

१९३२ साली रिचर्ड पाऊ नावाचा एक तरुण पक्षीप्रेमी येथे आला. त्याने मारलेले पक्षी गोळा करून जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांची छायाचित्रे काढली. ही छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये दाखवली गेली. पाहणारे हळहळले. मोठ्या संस्थांनी मात्र काही केले नाही. केले ते एका बाईने. तिचे नाव रोझली एज.

या बाईंचा जन्म १८७७ चा. बाबासाहेब कोलंबियात शिकत होते त्याच वर्षांत, त्याच न्यूयॉर्क शहरात, या बाई स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून काम करीत होत्या. तो हक्क त्या राज्यात १९१७ साली मिळाला. चळवळीत शिकलेला माणूस स्वस्थ बसत नाही. पुढे त्यांनी निसर्गरक्षणाचे काम हाती घेतले. त्या काळच्या बड्या पक्षीसंस्थांतले पुढारी शिकाऱ्यांशी संगनमत ठेवतात, म्हणून त्यांना भर सभेत जाब विचारायलाही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही.

१९३४ साली रोझलीबाईंनी हा डोंगरच भाड्याने घेतला. पुढे वर्गणी जमवून सुमारे चौदाशे एकर जमीन साडेतीन हजार डॉलरना, म्हणजे एकरी अडीच डॉलरच्या भावाने, विकत घेतली. १९३८ मध्ये त्यांनी ती स्वतःच्या नावावर न ठेवता संस्थेच्या स्वाधीन केली. हा तपशील आपल्या विहार समित्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जमीन संस्थेच्या नावावर हवी, पुढाऱ्याच्या नावावर नव्हे.

जमीन घेतली खरी, पण बंदूकवाल्यांना अडवणार कोण? मॉरिस ब्राऊन हा तरुण आणि त्याची पत्नी अर्मा हे दोघे पुढे आले. पहिल्या हंगामात मॉरिसने पगारही घेतला नाही. त्यांनी रस्त्याला मनाईचे फलक लावले. शिकारी शिव्या देत आले, धमक्या देऊ लागले. मॉरिस वरच्या खडकावर असे तेव्हा खाली रस्त्यावर अर्मा उभी राही. हाती शस्त्र न घेता ती येणाऱ्याला बजावी की हा डोंगर आता पक्ष्यांचा आहे. पाहायचे असेल तर वर जा, मारायचे असेल तर परत फिरा. पुष्कळ परत फिरले, आणि काही जण पाहायला वर गेले. त्या हंगामापासून ह्या डोंगरावरची कत्तल थांबली.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांची हंसाची गोष्ट आपल्या घराघरांतील मुलांना पाठ आहे. पाखरू मारणाऱ्याचे की वाचवणाऱ्याचे? राहुलने ती गोष्ट आम्हाला खडकावर बसून इंग्रजीमिश्रित मराठीत सांगितली आणि वर विचारले, "आजोबा, मग हा डोंगर अर्माचा झाला ना?" आम्ही म्हटले, "बरोबर ओळखलेस."

पक्षी ह्याच वाटेने का जातात

आम्हाला प्रश्न पडला की एवढे आकाश मोकळे असता पक्षी ह्याच डोंगरावरून का जातात? केंद्राची एक तरुण कार्यकर्ती लोकांना माहिती देत होती. भाचीने तिचे बोलणे मराठीत सांगितले ते असे.

थंडी पडू लागली की उत्तरेकडे खाद्य कमी होते, म्हणून हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. वायव्येकडून येणारा वारा किटाटिनीच्या लांबच लांब भिंतीवर आपटतो आणि वर चढतो. त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख पसरले की पंख न हलवता मैलच्या मैल जाता येते. शक्ती वाचते. शिवाय उन्हाने जमीन तापली की गरम हवेचे खांब वर उठतात. ब्रॉडविंग्ड हॉक नावाचे रुंद पंखांचे ससाणे अशा खांबात शिरतात, गोल गोल फिरत उंच जातात आणि वरून पुढच्या खांबाकडे घसरतात. असे करीत ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत हजारो मैल जातात. सप्टेंबरचा मध्य हा त्यांचा मोसम.

साडेअकराच्या सुमारास ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. आधी चार ठिपके, मग दहा, मग एकाएकी ढगाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर भोवऱ्यासारखा फिरणारा थवा. आम्ही पन्नासपर्यंत मोजले आणि चुकलो. आमच्या पत्नी म्हणाल्या, "चैत्यभूमीला सहा डिसेंबरला माणसे निघतात तशी निघालीत बाई." कोणाला ढकलत नाहीत, कोणी मागे राहत नाही, सगळे आपले एका दिशेने चाललेले. उपमा आम्हाला पटली.

नोंदवही

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

खडकावर एका बाजूला मोजणी करणारा माणूस बसला होता. पक्षी दिसला की तो जात ओळखायचा आणि नोंद करायचा. प्रत्येक तासाचा हिशेब वेगळा. वारा कोणत्या दिशेचा, ढग किती, उष्णता किती, हेही लिहायचे. ओळखू न आलेला पक्षी 'अनोळखी' या सदरात घालायचा. अंदाजाने भलत्या रकान्यात नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि उभी नोकरी कारकुनीत गेलेली. रकाने पाहिले की आमचे डोळे आपोआप तिकडे वळतात. आम्ही त्याच्यामागे जाऊन उभे राहिलो ते बराच वेळ हललो नाही.

ही मोजणी १९३४ साली मॉरिस ब्राऊनने सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला ती वर्षे वगळली तर आजतागायत ती चालू आहे. दर वर्षी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर. दर हंगामात सोळा-एक जातींचे मिळून साधारण अठरा ते वीस हजार पक्षी नोंदले जातात. शिकारी पक्ष्यांची इतकी जुनी नोंद जगात दुसरीकडे नाही.

मोजून काय मिळाले, असे कोणी विचारील. ऐका. पांढऱ्या डोक्याचा गरुड हा अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. त्याचे पिल्लू काळपट असते. डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. म्हणून म्हातारे किती नि तरुण किती, हे उडतानाच कळते. ब्राऊनने हे दोन्ही वेगळे लिहून ठेवले होते. १९३५ ते १९३९ या काळात शंभर गरुडांत चाळीस तरुण दिसत. १९५५ ते १९५९ या काळात ते वीसवर आले. एकट्या १९५७ सालात तर बत्तीस मोठ्या गरुडांमागे एकच तरुण दिसला. म्हणजे गरुड होते, पण पिल्ले होत नव्हती. वरवर पाहणाऱ्याला आकाशात गरुड दिसत होते. जात मरू घातली आहे हे फक्त नोंदवहीला कळत होते.

रेचेल कार्सन या शास्त्रज्ञ लेखिकेने हेच आकडे १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात जगापुढे मांडले. डी.डी.टी. हे शेतात आणि डासांवर फवारले जाणारे औषध माशांतून गरुडांच्या पोटात जात होते. त्याने अंड्यांची कवचे पातळ होत आणि अंडी उबवतानाच फुटत. रसायन कंपन्यांनी या बाईंवर पुष्कळ चिखलफेक केली. पण आकडे खोटे ठरवता आले नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकेने डी.डी.टी.वर बंदी घातली. त्याच वर्षी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील पक्षी-कराराचे संरक्षण शिकारी पक्ष्यांनाही लागू झाले. गरुड पुन्हा वाढले आणि २००७ साली त्यांचे नाव संकटातल्या प्राण्यांच्या यादीतून निघाले. आज ह्या डोंगरावरून दर हंगामात ते शेकड्यांनी जातात.

खडकावर बसलेल्या माणसाला १९३५ साली हे ठाऊक नव्हते की आपले रकाने वीस-पंचवीस वर्षांनी एका विषाविरुद्ध पुरावा ठरणार आहेत. तो फक्त रोज, खरे आणि वेळेवर लिहीत गेला.

गिधाड

दुपारी एक मोठा काळा पक्षी अगदी जवळून गेला. पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर धरलेले, डोके लाल नि उघडे, उडताना थोडा डुलणारा. राहुल ओरडला, "टर्की व्हल्चर! आजोबा, गिधाड!" आणि आम्ही नकळत मान फिरवली.

पोराच्या नजरेतून ते सुटले नाही. "आजोबा, तुम्हाला गिधाड आवडत नाही?" भाची मध्येच म्हणाली, "अरे, आजोबा दमलेत." तिने आम्हाला खुणेने 'नको' असे सुचवले. आपल्या मुलाला जात म्हणजे काय हे तिने अजून सांगितले नव्हते. परदेशात वाढणाऱ्या पोराच्या कोऱ्या मनावर हा डाग कशाला, असे तिला वाटे. तिचे म्हणणे आम्ही समजू शकतो. पण खोटे बोलणे आमच्याने झाले नाही.

आम्ही त्याला सांगितले, "माझ्या आजोबांना गावातली मेलेली ढोरे ओढावी लागत. ते काम त्यांनी निवडले नव्हते. त्या घरात जन्मले म्हणून गावाने ते त्यांच्यावर लादले होते. माझे वडील तुझ्याएवढे असताना त्यांच्यासोबत माळावर जात. ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत. वडील दगड मारून त्यांना हाकलत, कारण त्याच जनावराचे मांस घरी न्यायचे असे. दुसरे खायला नव्हते. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्म दिला आणि आजोबांनी दोर खाली ठेवला. गावाने वाळीत टाकले, दुकानदार मीठ देईना, पण त्यांनी दोर पुन्हा उचलला नाही. वडिलांनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितले. म्हणून गिधाड पाहिले की मला तो माळ दिसतो."

राहुल बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आजोबा, चूक गिधाडाची नव्हती." भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हीही काही बोललो नाही.

ती कार्यकर्ती तरुणी जवळ आली. गिधाडांबद्दल ती मोठ्या आदराने बोलू लागली. हा पक्षी मेलेले जनावर वासावरून शोधतो, सडके मांस पचवतो, रोगराई थांबवतो, तो निसर्गाचा सफाई कामगार आहे, त्याची सेवा थोर आहे, असे ती म्हणाली. तिचे पक्ष्याबद्दलचे म्हणणे खरेच आहे. पण 'सफाईची थोर सेवा' हे शब्द कानावर पडले की आम्ही सावध होतो. आपल्या देशात हीच भाषा माणसांबद्दल वापरली गेली. घाण काढणाऱ्याची सेवा पवित्र म्हणायची आणि झाडू त्याच्याच हाती ठेवायचा. बाबासाहेबांनी ती वाखाणणी नाकारली. गिधाडाचे ते अन्न आहे, त्यासाठीच त्याचे शरीर घडले आहे. माणसावर लादली ती गुलामी होती. दोन्ही एका मापात घालू नयेत. आम्ही हे भाचीमार्फत त्या तरुणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मी असा विचार केला नव्हता. यापुढे बोलताना ध्यानात ठेवीन." आम्हाला तिचे कौतुक वाटले.

आपल्याकडची गोष्ट

आमच्या वडिलांनी दगड मारून हाकललेली ती गिधाडे आज पाहू म्हटले तरी दिसत नाहीत. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत आपल्या देशातील गिधाडांच्या तीन प्रमुख जाती शेकडा पंचाण्णवहून अधिक घटल्या. कारण सापडायला वेळ लागला. जनावराला दुखण्यावर डायक्लोफेनॅक हे औषध देत. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर सरकारने बंदी घातली. २०२३ साली अशाच आणखी दोन औषधांवर, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर बंदी आली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत वनखाते उरलेल्या गिधाडांसाठी औषधमुक्त मेलेली जनावरे पुरवते.

गिधाडे गेली तेव्हा मेलेली ढोरे माळावर सडू लागली आणि भटकी कुत्री वाढली. कुत्रे चावते ते कोणाला? मोटारीतून जाणाऱ्याला नव्हे. वस्तीच्या कडेला अनवाणी खेळणाऱ्या पोराला, पहाटे झाडलोट करायला निघालेल्या बाईला. म्हणून पक्ष्यांचा विषय हा शिकल्या-सवरल्या सुखवस्तू लोकांचा छंद आहे, आपल्याला त्याचे काय, असे जे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो, ते चुकीचे होते. ही कबुली आम्ही येथे देतो.

परत आल्यावर

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या महिला नळाला पाणी येत नाही म्हणून संबंधित कार्यालयात गेल्या होत्या. साहेबाने विचारले, "किती दिवस आले नाही? कोणत्या वेळी आले नाही? नोंद आहे?" नोंद नव्हती. 'पाणीपुरवठा नियमित आहे' असा शेरा मारून अर्ज निकाली निघाला. त्या मोर्चात पुढे आम्हीच होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवणारा कारकून आपल्याच वस्तीची नोंद ठेवायला विसरला होता. त्या खडकावर मोजणी करणाऱ्या माणसामागे उभे असताना आम्हाला हा अर्ज आठवला आणि मान खाली गेली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी विहारातल्या बालवर्गात आम्ही एक दोनशे पानी वही नेली. मुलांनी स्वतः रकाने आखले. एका बाजूला रोज संध्याकाळी पाच ते सहा वस्तीवर दिसलेल्या घारींची संख्या. दुसऱ्या बाजूला नळाला पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले. मुलांना घारी मोजायला गंमत वाटते आणि त्या ओघात पाण्याचा रकानाही भरला जातो. चुकीचा आकडा लिहायचा नाही, दिसले नाही तर शून्य लिहायचे, आणि आजच्या पाळीचे नाव खाली सही करून टाकायचे, एवढेच नियम. आठवीतली एक मुलगी मुख्य नोंदणीदार आहे. ती आमचेही ऐकत नाही. एकदा आम्ही अंदाजे आकडा सांगितला तर म्हणाली, "काका, तुम्ही पाहिले का? नाही ना? मग नाही लिहिणार."

तीन महिन्यांची वही भरली आहे. पुढच्या महिन्यात महिला मंडळ ती घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहे. काय होते ते वाचकांना कळवूच.

राहुलचा परवा फोन आला होता. शाळेत त्याने गिधाडावर निबंध लिहिला आणि शेवटी आपल्या पणजोबांच्या वडिलांनी दोर खाली ठेवल्याची हकीकत लिहिली. नाते मोजताना त्याची एक पिढी चुकली, आम्ही ती दुरुस्त करून दिली. भाचीने निबंध वाचला आणि शाळेत तसाच देऊ दिला, हे त्यानेच सांगितले. मग त्याने विचारले, "आजोबा, तुमच्याकडे आज किती घारी?"

आम्ही वही उघडली आणि सांगितले, "सतरा."

जयभीम.